दगडू का कल्लप्पा? जुन्या कागदांत बदललेली नावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडची माणसं वंशावळ काढायला बसली की थोड्याफार फरकानं हेच प्रश्न पाठवतात, म्हणून सगळे एका जागी घातलेत. साधे आधी आहेत, अडचणीचे शेवटी. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. पणजोबांचं नाव शाळेच्या रजिस्टरात दगडू आहे आणि शेताच्या उताऱ्यावर कल्लप्पा. ही दोन माणसं का एकच?

एकच असू शकतात, आपल्या भागात हे खूप दिसतं. कन्नडमध्ये कल्लु म्हणजे दगड, त्यामुळं मराठीत दगडू किंवा धोंडू असलेला माणूस कन्नड लिहिणाऱ्याच्या हातून कल्लप्पा होतो. खरं नुसत्या अर्थावरून दोघांना एक करू नका, कारण कल्लप्पा हे नाव कल्मेश्वराच्या भक्तीतूनही ठेवतात आणि मराठी घरांतसुद्धा पहिल्यापासून कल्लाप्पा आहेतच.

माझ्या पणजोबांचं हेच झालेलं. आज्जी त्यांना शेवटपर्यंत दगडूमामंजी म्हणायची आणि उताऱ्यावर मात्र कल्लप्पा. शेवटी जुन्या फेरफारचं, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर गेली त्या नोंदीचं, पान मिळालं, त्यात आधी दगडू लिहून त्यावर एक आडवी रेघ मारलेली आणि वर वेगळ्या शाईत कल्लप्पा, खाली आंगठा एकच. ते पान हातात आल्यावर मी अर्धा तास नुसता बघत बसलो होतो. सगळ्यांना असं पान मिळत नाही, तेव्हा सर्वे नंबर, बापाचं नाव, भावांची नावं आणि गाव ही चार जुळतात का ते बघा. चारपैकी तीन जुळली तर मी एकच माणूस धरतो. नाव जुळतंय आणि बाकी काहीच जुळत नाही तर धरत नाही.

२. पण नावं बदलली कुणी आणि का?

बहुतेक वेळा लिहिणाऱ्यानं, आणि त्यात वाईट हेतू होता असं नाही. १८१८ ला पेशवाई गेली, मुलूख इंग्रजांकडं आला, आधी धारवाडमधून कारभार चालायचा, १८३६ ला बेळगाव वेगळा जिल्हा झाला आणि मुंबई इलाख्यात राहिला. मधेमधे संस्थानं होती, रायबाग कोल्हापूरकडं, शहापूर सांगलीकडं, रामदुर्गचं संस्थान आपलं वेगळं. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं आणि २०१४ ला बेळगावचं बेळगावी. म्हणजे एकाच घराच्या चार पिढ्यांचे कागद मोडी, बाळबोध, कन्नड आणि इंग्रजी अशा चार लिप्यांत असू शकतात, तेही घर जागचं हललेलं नसताना.

तलाठी, कुलकर्णी, मास्तर, जन्ममृत्यूची नोंद घेणारा, प्रत्येकानं कानाला जसं ऐकू आलं आणि हाताला जशी सवय होती तसं लिहिलं. शिवाय आपली माणसंच दोन भाषांत जगायची. घरात बाळू आणि संतेत म्हणजे बाजारात बाळाप्पा, दोन्ही हाकेला तो ओ द्यायचा. त्याला नाव विचारल्यावर समोरचा कुठल्या भाषेत विचारतोय त्यावर उत्तर ठरायचं.

३. मग वंशावळीत नेमकं कुठलं नाव लिहायचं?

दोन्ही, पण एकत्र मिसळून नाही. एका रकान्यात कागदावर आहे तसंच, अक्षर न अक्षर, चुकीचं वाटलं तरी. शेजारच्या रकान्यात घरात चालतं ते नाव. तिसऱ्यात कुठला कागद, कुठल्या सालचा, कुठल्या लिपीत. कन्नड कागद असेल तर मूळ कन्नड अक्षरं उतरून घ्या आणि खाली देवनागरीत उच्चार लिहा.

हे मी इतकं आग्रहानं सांगतोय कारण सुरवातीला मी उलटं केलं. पहिल्या वहीत सगळी नावं "सुधारून" लिहिली, लक्कप्पाचा लक्ष्मण, पारव्वाची पार्वती, आणि वर्षभरानं कुठलं नाव कुठल्या कागदावरचं ते मलाच सांगता येईना. कचेरीत परत अर्ज, परत नकला, सगळं नव्यानं. नाव सुधारलं की पुढचा शोधणारा तुमच्या सुधारलेल्या नावानं शोधतो आणि कागदात ते नाव नसतंच.

आणि जे भाषांतर कागदात नाही ते तुम्ही करू नका. कन्नड होसमनी म्हणजे नवं घर हे बरोबर, म्हणून त्याचं नवघरे करायचं नाही.

४. मराठी आणि कन्नड नावांच्या जोड्यांची यादी मिळेल काय?

पक्की यादी कुणी दिली तरी तिच्यावर डोळे झाकून चालू नका. त्यापेक्षा नाव कुठल्या प्रकारानं बदललंय ते ओळखायला शिका, तेवढ्यानं निम्मं काम होतं.

पहिला प्रकार फक्त शेपूट बदलायचा. मराठी जी, बा, राव, बाई जातात आणि कन्नड अप्पा, अण्णा, अव्वा, अक्का येतात. नागोजी नागप्पा होतो, विठोबा विठ्ठप्पा, गंगूबाई गंगव्वा, यल्लूबाई यल्लव्वा. हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त दिसणारा.

दुसरा, नाव तेच पण कन्नड जिभेवर बसलेलं. लक्ष्मणचा लक्कप्पा किंवा लकमण्णा, ब्रह्माचा भरमा आणि भरमाण्णा, महादेवचा मादेवप्पा आणि मादू, लिंगाप्पाचा निंगाप्पा. ल चा न झाला म्हणून दुसरा माणूस समजू नका, लिंग आणि निंग हे बोलण्यात एकच. महाप्राण पण गळतात, भीमाचा बीमा होतो. श चा स पण होतो, शंकरचा संकर.

तिसरा, देव एकच पण दोन भाषांत दोन नावं. आपला खंडोबा तो कन्नड मुलखात मैलार, म्हणून खंडू किंवा मल्हारी दुसऱ्या कागदात मैलारप्पा दिसू शकतो. मारुतीचा हणमंत किंवा हणमप्पा तर सगळ्यांना ठाऊक आहे.

चौथा प्रकार खऱ्या अर्थानं भाषांतराचा, दगडू आणि कल्लप्पासारखा. यात जास्त करून ती नावं येतात जी मूल जगावं म्हणून मुद्दाम हलकी ठेवली जायची. आधीची पोरं गेलेली असली की दृष्ट लागू नये म्हणून मराठीत दगडू, धोंडू, भिकू, उकिरडा ठेवायचे. कन्नडमध्ये तेच मन, गुंडप्पा म्हणजे गोल दगड, तिप्पण्णा हे तिप्पे म्हणजे उकिरड्यावरून, तिरकप्पा हे तिरुक म्हणजे भिकाऱ्यावरून. असं नाव दिसलं तर त्या माणसाच्या आधीच्या मृत्यूच्या नोंदी नक्की बघा, लहानपणी गेलेली भावंडं सापडायची शक्यता असते आणि त्यांची नावं वंशावळीत कुणीच घातलेली नसतात. मला तरी ती घालावीशी वाटतात.

पाचवा, थोरला आणि धाकटा. दोड्ड म्हणजे थोरला, सण्ण म्हणजे धाकटा. दोड्डप्पा आणि सण्णप्पा हे कधी खरं नाव असतं आणि कधी नुसतं नातं, कारण कन्नडमध्ये थोरल्या चुलत्याला दोड्डप्पाच म्हणतात. पोरानं सांगितलेल्या नोंदीत "दोड्डप्पा" आला तर ते नाव नसून चुलता असू शकतो. आपल्याकडं तात्या, आण्णा, आबा यांचं पण तसंच.

५. आडनाव पण बदललंय, आम्ही सुतार आणि कागदात बडिगेर. हे चालतं काय?

आडनाव म्हणून जे दिसतंय ते बऱ्याच वेळा नुसता धंदा असतो, नावापुढं लिहायची पद्धत म्हणून लिहिलेला, आणि धंद्याचं भाषांतर लिहिणारा सहज करायचा. सुतार बडिगेर, लोहार कम्मार, सोनार पत्तार, न्हावी हडपद, परीट मडिवाळ किंवा अगसर, तेली गाणिगेर, गुरव पुजार. मात्र जातीचा रकाना वेगळा असेल तर तो नावाच्या रकान्यात मिसळू नका, जसाच्या तसा वेगळा उतरून घ्या, दाखल्याच्या कामात तोच लागतो.

पाटील आणि गौडा ही जोडी पण अशीच, दोन्ही गावच्या वतनावरून. निपाणी-चिकोडीकडं नावालाच गौडा जोडतात आणि मराठी कागदात तो गौंडा होतो, एका अनुस्वारानं घाबरू नका. आणि पाटील म्हणजे मराठी, कुलकर्णी म्हणजे मराठी असं तर मुळीच नाही, पाटील लिंगायतांत आहेत, जैनांत आहेत, कुलकर्णी कन्नड ब्राह्मणांत आहेत. आडनावावरून घरची भाषा ठरवता येत नाही.

६. १९०० च्या आधीच्या कागदात आडनावच नाही, फक्त नाव आणि बापाचं नाव आहे. शोधू कसं?

जमिनीवरून. माणसाचं नाव पाच वेळा बदलेल, पण शेत उठून दुसरीकडं जात नाही. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानं हक्कपत्रक सुरू झालं, त्यामुळं तिथून पुढं कुठली जमीन कुणाकडून कुणाकडं गेली याचे फेरफार सापडतात. आजच्या उताऱ्यावरचा रि.स.नं., म्हणजे रिव्हिजन सर्वे नंबर, घ्या आणि एकेक फेरफार मागं जात राहा. जुना सर्वे नंबर आणि रिव्हिजनचा नंबर वेगळा असू शकतो, तो जुळवून घेतल्याशिवाय मागं जाऊ नका, नाहीतर शेजाऱ्याची वंशावळ तयार होते. आकारबंद (नंबराचं क्षेत्र आणि आकारणीचा कागद) आणि टिपण (मोजणीचा कच्चा नकाशा) मागून घ्या, बांधाला कुठले नंबर होते ते कळतं.

कर लावून केलेली आडनावं, येळ्ळूरकर, अनगोळकर, कडोलकर, ही बहुतेक वेळा घर ते गाव सोडून दुसरीकडं गेल्यावर पडतात. म्हणजे मूळ गावच्या कागदात ती बहुतेक असणार नाहीत, तिथं दुसरंच आडनाव किंवा काहीच नसेल.

७. बिन, कोम, जौजे, मर्द, तंदे, गंड म्हणजे काय?

बिन आणि वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. कोम, जौजे, मर्द, भ्रतार हे बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव सांगायला. कन्नडमध्ये तंदे म्हणजे बाप, तायी म्हणजे आई, गंड म्हणजे नवरा, आणि लिहिताना तं. आणि गं. एवढंच लिहितात. याच दोन अक्षरांत घोटाळा होतो, बिंदू फिकट झाला की त आणि ग कुणी नीट बघत नाही आणि नवऱ्यालाच बाप करून टाकतात. बाईच्या नोंदीत हे अक्षर दोनदा बघा. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मूल लहान होतं आणि पुढचं नाव सांभाळणाऱ्याचं आहे, ते नाव बहुतेक वेळा आईचं किंवा चुलत्याचं निघतं. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, तेव्हा त्या एका नावामागं बाकीचे भाऊ आहेत हे विसरू नका.

८. आज्जीची, पणजीची नावं सापडतच नाहीत. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर सगळ्यात अवघड. एकतर जमिनीत बाईचं नाव बहुतेक वेळा नवरा वारल्यावरच लागायचं. त्यात लग्नात नाव बदलायची पद्धत, माहेरची तुळसा सासरी सावित्री. आणि वर भाषा बदलली तर माहेरी तुळसव्वा, सासरी सावित्रीबाई, उताऱ्यावर सावक्का. एका बाईची तीन नावं, आणि तिन्ही कागद तीन गावांत.

माझ्या पणजीचं नाव आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, सगळे "थोरली आई" म्हणायचे. पणजोबा वारल्यानंतरच्या वारसाच्या नोंदीत एक ओळ निघाली, पारव्वा कोम कल्लप्पा, बास, एवढंच. पण त्या ओळीमुळं खानापूर तालुक्यातलं तिचं माहेर शोधता आलं, कारण तिच्या भावाच्या घरी "पारू इकडं दिली" हे अजून बोललं जात होतं.

माहेरच्या घरी जाऊन विचारा, हाच खरा रस्ता. तिथल्या म्हाताऱ्या बायका जुन्या नावानंच बोलतात. भाऊबीजेला कोण कुणाकडं यायचं, बाळंतपण कुठं झालं, असं विचारलं की नाव आपोआप निघतं. नुसतं "नाव काय होतं" विचारलं की गप्प बसतात.

९. अक्षर लागत नाही, वाचण्यात चुका कुठं होतात?

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, अनुस्वार बऱ्याचदा दिलेला नसतो आणि शब्दांत जागा सोडलेली नसते, म्हणून एका नावाचा शेवट दुसऱ्याच्या सुरवातीला चिकटतो. कन्नड हस्ताक्षरात व आणि म, प आणि ष, आणि द, ध, थ हे जवळजवळ सारखे दिसतात. मायव्वा का वायव्वा अशी शंका आली तर त्याच पानावर त्याच माणसानं लिहिलेला दुसरा म शोधा आणि ताडून बघा. एका पानावरून ठरवू नका, त्या हाताची दहा पानं वाचल्यावर डोळा बसतो.

१०. कॉम्प्युटरवरच्या उताऱ्यात नाव तिसरंच आलंय.

हाती लिहिलेलं कॉम्प्युटरवर चढवताना आणखी एकदा बदललं, आणि इंग्रजीतून परत मराठीत आणलं तर आणखी. इंग्रजीत ल आणि ळ एक, न आणि ण एक, त आणि ट एक, म्हणून बाळूचा बालू आणि काणेचा काने होतो. अशा वेळी कॉम्प्युटरच्या आधीचा हाती लिहिलेला उतारा मागा, तोच मूळ धरा. दोन्ही नावं एकाच माणसाची हे कचेरीत कसं दाखवायचं ते प्र. १५ मध्ये आहे.

११. हेळवीच्या वहीतली नावं धरावीत काय?

जरूर, पण कशी धरायची ते समजून. हेळवी सुगीनंतर बैलावर बसून घरोघर यायचे, पिढ्यांची नावं म्हणून दाखवायचे, नवीन जन्मलेली नावं वहीत घ्यायचे आणि धान्य घेऊन जायचे. काहीजण अजून येतात. त्यांची भाषा कन्नड, म्हणून मराठी घराची नावंही त्यांच्या तोंडी कन्नड वळणाची असतात, तुकाराम तिथं तुकप्पा असणार. नावाच्या रूपावर अडून बसू नका, पिढ्यांचा क्रम आणि मूळ गाव यासाठी ही वही सोन्यासारखी आहे. आला तर त्याला नीट बसवा, चहा द्या, परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा.

उलट त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, गोकर्णच्या उपाध्यायांकडच्या वह्यांत नाव आपल्याच माणसानं सांगितलेलं किंवा स्वतः लिहिलेलं असतं. घरात खरोखर काय नाव चालत होतं हे ठरवायला मी त्या वहीला उताऱ्यापेक्षा जास्त वजन देतो.

१२. आमचं घर गोव्याकडून खानापूरला आलेलं ख्रिश्चन घर आहे. आमच्याकडं काय बघायचं?

गोव्यातल्या चर्चच्या जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये, घरातलं बोलणं कोंकणी, इकडची शाळा मराठी किंवा इंग्रजी. म्हणून पोर्तुगीज जुआंव तोच घरात जुवांव आणि शाळेत जॉन, जुझे तोच जोसेफ, इनास तोच इग्नेशियस. इथं जोड्या हिंदू नावांपेक्षा पक्क्या असतात कारण मागं संताचं नाव एकच असतं. अडचण वेगळीच, एका वाड्यावर दहा जुझे असतात, म्हणून बाप्तिस्म्याच्या नोंदीतले आईबाप आणि धर्मबाप-धर्ममाय बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ चा आहे हे शोधताना लक्षात ठेवा.

१३. एकाच घरात दोन कल्लप्पा निघाले. आता?

आज्ज्याचं नाव नातवाला ठेवतात, तेव्हा एक पिढी सोडून तेच नाव येणार हे धरूनच चाला. चुलत भावांनी दोघांनी आपापल्या पोराला आज्ज्याचंच नाव ठेवलं तर एका वयाचे दोन कल्लप्पा होतात. कागदात थोरला-धाकटा किंवा दोड्ड-सण्ण (प्र. ४ मधला पाचवा प्रकार) लावलेलं असतं ते गाळू नका. बापाचं नाव वेगळं, तेवढ्यावर फरक करा. बापाचं नाव पण भाषांतरानं बदललेलं असेल तर हिस्सा नंबरावर, म्हणजे सर्वे नंबरातल्या वाटणीच्या नंबरावर, जा.

आणि एक, मेलेल्या माणसाचं नाव उताऱ्यावर वीस-वीस वर्षं तसंच राहतं. नाव दिसलं म्हणजे माणूस जिवंत होता असं नाही.

१४. दत्तक गेलेल्याचं नाव कुठं धरायचं?

दत्तक गेला की बाप बदलतो, आणि बऱ्याचदा नाव पण. दोन्ही घरांत त्याला दाखवा, जन्माच्या घरात जन्माचं नाव, दत्तक घरात नवीन, मधे दत्तपत्राचं साल. भाषा बदलून नाव बदललेलं आणि दत्तकामुळं बदललेलं हे वेगळं लिहा, पुढं वाटणीच्या प्रश्नात याच्यावरून भांडणं होतात.

१५. सरकारी कामाला दोन नावं एकाच माणसाची आहेत हे कसं दाखवायचं?

रोजच्या वापरातला मार्ग म्हणजे "अमुक उर्फ तमुक ही एकच व्यक्ती" असं प्रतिज्ञापत्र, सोबत दोन्ही नावांचे कागद आणि नाडकचेरीतला (तालुक्याखालच्या महसूल कचेरीतला) वंशावळ दाखला. कामाप्रमाणं मागणी बदलते, म्हणून आधी त्या कचेरीत विचारून मग स्टॅम्प पेपर घ्या. नुसतं "कल्लु म्हणजे दगड" सांगून कुणी ऐकत नाही, प्र. १ मधल्या चार गोष्टी दाखवल्या की ऐकतात. मेलेल्या माणसाच्या जुन्या कागदात खाडाखोड करून नाव एकसारखं करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, मूळ कागदाला हात लावायचाच नाही.

१६. घरचे म्हणतात आम्ही मराठी, वंशावळीत कन्नड नाव घालायचं नाही. काय सांगू त्यांना?

हे घरोघर होतं, आणि त्यांच्या मनातलं मला कळतं. सीमाभागात नाव, भाषा, पाटी यांवरून आयुष्यं गेलीत माणसांची. तरीपण माझ्या पणजोबांचा आंगठा कल्लप्पा या नावापुढं आहे आणि ते कल्लप्पा याच हाकेला संतेत ओ द्यायचे. प्र. ३ मधले दोन रकाने त्यांना दाखवा, घरचं नाव कुठं जात नाही, ते मोठ्या अक्षरात पहिलं लिहा हवं तर. कागदातलं नाव गाळलं तर त्या नावाची जमीन, त्या नावाची बहीण, त्या नावानं झालेली वाटणी हे सगळं वंशावळीतून गळतं. उलटं पण तेवढंच खरं, कन्नड घरांनी मराठी कागदातलं नाव गाळू नये.

१७. सगळं करून पण दोन नावं जुळतच नाहीत, तर?

दोन वेगळी माणसं म्हणून लिहा, मधे तुटक रेघ काढा आणि रेघेवर का शंका आहे ते दोन शब्दांत लिहून ठेवा, "रि.स.नं. एकच, बापाचं नाव वेगळं" असं. माझ्या वहीत अशा अकरा रेघा आहेत. तीन वर्षांपूर्वी चौदा होत्या.